थंडरबर्ड: जुनी मेल नव्या कॉम्प्युटरवर नेण्याच्या कसोटीवर

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि कोल्हापुरातल्या कितीतरी ऑफिसांत मशीन बदलायची वेळ आली. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या असोत, उद्यमनगरातलं मशीन शॉप असो, शाहूपुरीतली गुळाची पेढी असो किंवा राजारामपुरीतलं सीएचं ऑफिस, नवीन कॉम्प्युटर एका दिवसात टेबलावर येतो. अडतं ते मेलपाशी. ग्राहकाने पाठवलेल्या ड्रॉइंगची शेवटची सुधारित प्रत, पर्चेस ऑर्डर, रिजेक्ट झालेल्या कास्टिंगचे फोटो, दराची घासाघीस, सगळं त्या दहा-बारा वर्षांच्या फोल्डरांत असतं. जीएसटीच्या हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपायची असतात, आणि त्यातली बरीचशी बिलं आजही फक्त मेलला जोडलेली सापडतात. म्हणून हे परीक्षण थंडरबर्ड या मेल वाचण्या-ठेवण्याच्या प्रोग्रॅमचं असलं तरी त्याचं रूप, रंग, कॅलेंडर यांबद्दल नाही. जुनी मेल एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर नेताना हा प्रोग्रॅम किती भरवशाचा आहे, एवढंच इथे पाहायचं आहे.

मत आधीच सांगतो. मेल आधीपासून थंडरबर्डमध्येच असेल, तर ती हलवायला याच्याइतका सरळ आणि फुकट मार्ग दुसरा नाही. मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक या मेल प्रोग्रॅममधून मेल आत घ्यायची असेल तर मात्र हा प्रोग्रॅम जेमतेम पास होतो. त्यातली स्वतःची 'एक्सपोर्ट' सोय लहान खात्यापुरतीच कामाची आहे.

पहिला मुद्दा खरा मोलाचा आहे. थंडरबर्डमधला प्रत्येक फोल्डर म्हणजे डिस्कवरची एक साधी फाइल. 'इनबॉक्स' नावाचा फोल्डर म्हणजे 'इनबॉक्स' नावाचीच, पुढे कसलंही एक्स्टेन्शन नसलेली फाइल, आणि तिच्यात सगळ्या मेल एकाखाली एक लिहिलेल्या. या रचनेला एमबॉक्स म्हणतात. शेजारी त्याच नावाची एमएसएफ फाइल असते, ती फक्त अनुक्रमणिका. ती बिघडली किंवा उडाली तरी मेल जात नाही, थंडरबर्ड ती नव्याने तयार करतो. फोल्डरच्या पोटात उपफोल्डर असतील तर ते 'एसबीडी' शेपटीच्या डिरेक्टरीत बसतात. मालकाला आपली मेल कुठे आहे हे डोळ्यांनी दिसतं, तिचा आकार मोजता येतो, प्रत काढता येते. कुठल्याही कंपनीच्या परवानगीवाचून पंधरा वर्षांनी ती उघडताही येईल. मेल ठेवणाऱ्या प्रोग्रॅमकडून याहून मोठी अपेक्षा काय करायची?

ही सगळी मांडणी 'प्रोफाइल' नावाच्या एका डिरेक्टरीत असते. मेल, पत्त्यांची वही, खात्यांची सेटिंग्ज, मेल आपोआप फोल्डरांत लावणारे फिल्टर, पासवर्ड, सगळं तिथेच. अडचण एवढीच की ती विंडोजच्या लपवलेल्या अ‍ॅपडेटा डिरेक्टरीत, रोमिंगच्या आत आहे. मशीन फॉरमॅटला देताना 'डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स घेतलं, सगळं आलं' असं म्हणून डिस्क पुसली जाते आणि दहा वर्षांची मेल तिच्याबरोबर जाते. या कामात सर्वांत जास्त नुकसान याच एका समजुतीने होतं. म्हणून मशीन दुकानात पाठवताना चिठ्ठीवर 'अ‍ॅपडेटा, रोमिंग, थंडरबर्ड' हे तीन शब्द लिहून द्यावेत, आणि शक्य असेल तर प्रत आपणच आधी काढून ठेवावी.

ती काढायची रीत अशी. आधी जुन्या मशीनवर हेल्पमधल्या अबाउटमध्ये जाऊन आवृत्तीचा आकडा कागदावर टिपा. मग ट्रॅश आणि जंक रिकामे करा. फाइल मेनूमध्ये 'कॉम्पॅक्ट फोल्डर्स' आहे. थंडरबर्डमध्ये मेल डिलीट केली तरी ती फाइलमधून लगेच निघत नाही, तिच्यावर फक्त खूण होते, आणि कॉम्पॅक्ट केल्यावरच जागा मोकळी होते. वर्षानुवर्षं कॉम्पॅक्ट न केलेला इनबॉक्स त्यामुळे दिसतो त्याहून कितीतरी मोठा असू शकतो. पण कॉम्पॅक्ट करण्याआधी एक कच्ची प्रत काढून ठेवा. या कामात फोल्डर नव्याने लिहिला जातो, म्हणजे सगळ्यांत मोठ्या फोल्डरएवढी तरी जागा डिस्कवर रिकामी हवी. मध्येच लाइट गेली तर काम अर्धवट राहतं. 'एनएसटीएमपी' नावाचा अनोळखी फोल्डर दिसू लागला तर कॉम्पॅक्ट कधीतरी मध्येच तुटलं आहे असं समजा. डेस्कटॉप मशीन यूपीएसवर नसेल तर पावसाळ्यात हा उद्योग शांतपणे, लाइट टिकेल अशा वेळी करावा.

यानंतर थंडरबर्ड पूर्ण बंद करा. खिडकी बंद झाली म्हणजे प्रोग्रॅम बंद झाला असं नसतं, टास्क मॅनेजरमध्ये त्याचं नाव दिसत नाही ना हे बघा. चालू प्रोग्रॅमची प्रत काढली तर नेमक्या उघड्या असलेल्या फाइली अर्धवट उतरतात. मग विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबून, टक्क्याचं चिन्ह, लागून अ‍ॅपडेटा आणि पुन्हा टक्क्याचं चिन्ह असं टाइप करून एंटर मारलं की रोमिंग उघडतं. तिथली 'थंडरबर्ड' ही अख्खी डिरेक्टरी उचलायची, नुसती आतली प्रोफाइल नव्हे. वरच्या पातळीवरच्या 'प्रोफाइल्स डॉट आयएनआय' आणि 'इन्स्टॉल्स डॉट आयएनआय' या दोन फाइलींमध्ये कुठली प्रोफाइल उघडायची याची नोंद असते.

पेनड्राइव्हवर टाकताना नेहमी फसगत होते ती फॅट३२ची. या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, मग ड्राइव्ह ६४ जीबीचा का असेना. ड्रॉइंगं आणि फोटोंनी भरलेला इनबॉक्स ४ जीबी सहज ओलांडतो. कॉपी करताना विंडोज एक सूचना दाखवून ती फाइल वगळायला सांगतं, घाईत 'स्किप' दाबलं जातं, आणि नेमका इनबॉक्सच मागे राहतो. ड्राइव्ह एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करून घ्या. कॉपी झाल्यावर दोन्हीकडे डिरेक्टरीवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधला फाइलींचा आकडा आणि एकूण बाइट ताडून पाहा. दोन्ही आकडे तंतोतंत जुळले पाहिजेत, 'जवळपास सारखे' म्हणजे चूकच.

नव्या मशीनवर थंडरबर्ड बसवा, एकदा उघडा, खातं विचारलं तर काही न भरता बंद करा. मग आणलेली डिरेक्टरी त्याच जागी ठेवून तिथली रिकामी डिरेक्टरी बदला. आता उघडलं की जुनी मांडणी जशीच्या तशी समोर यायला हवी. बहुतेक वेळा येते.

येत नाही तेव्हा कारण साधारण दोनांपैकी एक असतं. पहिलं आवृत्तीचं. थंडरबर्ड आता दोन वाटांनी मिळतो, दर महिन्याची आवृत्ती आणि वर्षभर स्थिर राहणारी ईएसआर. जुन्या मशीनवर महिनेवारी आवृत्ती आणि नव्यावर तिच्यापेक्षा मागची ईएसआर बसवली, तर प्रोग्रॅम 'ही प्रोफाइल नव्या आवृत्तीची आहे' म्हणून ती उघडायचं नाकारतो आणि नवीन प्रोफाइल बनवायची तयारी दाखवतो. तिथे घाबरून 'हो' म्हणू नका. बाहेर पडा, आधी टिपलेला आकडा पाहा, तितकी किंवा त्याहून नवी आवृत्ती बसवा. ही अडवणूक मुद्दाम ठेवलेली आहे आणि ती योग्यच आहे, कारण नव्या रचनेच्या फाइलींवर जुना प्रोग्रॅम चालवला तर पत्त्यांची वही आणि सेटिंग्ज बिघडू शकतात.

दुसरं कारण प्रोफाइलचं. दोन्ही वाटांच्या थंडरबर्डची स्वतःची वेगळी प्रोफाइल असते, एकाचं शेपूट 'डिफॉल्ट-रिलीज', दुसऱ्याचं 'डिफॉल्ट-ईएसआर'. वाट बदलली की प्रोग्रॅम स्वतःची कोरी प्रोफाइल उघडून बसतो आणि मेल गेली असं वाटतं. गेलेली काहीच नसते. हेल्पमधल्या ट्रबलशूटिंग इन्फर्मेशनच्या पानावर 'अबाउट प्रोफाइल्स'चा दुवा आहे. तिथे सगळ्या प्रोफाइलांची यादी दिसते, हवी ती निवडून 'सेट अ‍ॅज डिफॉल्ट' करायचं आणि प्रोग्रॅम पुन्हा सुरू करायचा. ही सोय इतकी आत दडवून ठेवली आहे, ही थंडरबर्डची खरी उणीव. रिकामा पडदा पाहून माणसाचा जीव जातो, तेव्हा 'या मशीनवर दुसरी प्रोफाइल सापडली, ती उघडू का?' एवढं विचारायला काय हरकत होती?

आपल्याकडच्या ऑफिसांत आणखी एक गुंता हटकून सापडतो. सी ड्राइव्ह भरतो म्हणून कोणीतरी पूर्वी मेलची डिरेक्टरी डी ड्राइव्हवर हलवून ठेवलेली असते. नव्या एसएसडीच्या लॅपटॉपला बऱ्याचदा एकच ड्राइव्ह असतो, डी नसतोच. मग खातं दिसतं पण फोल्डर रिकामे. जुन्या मशीनवर प्रत्येक खात्याच्या 'सर्व्हर सेटिंग्ज'मध्ये तळाला 'लोकल डिरेक्टरी'चा रकाना असतो, तो आधीच वाचून ठेवा. तिथे रोमिंगबाहेरचा पत्ता असेल तर ती डिरेक्टरीही वेगळी उचलावी लागेल, आणि नव्या मशीनवर त्याच रकान्यात नवा पत्ता द्यावा लागेल.

पॉप आणि आयमॅप या सर्व्हरवरून मेल घेण्याच्या दोन पद्धतींतला फरक न कळल्याने फुकट मेहनत होते. आयमॅप खात्याची मेल सर्व्हरवर असते, त्यामुळे नव्या मशीनवर नुसतं लॉगिन केलं तरी ती खाली उतरते. पण 'लोकल फोल्डर्स'खाली ओढून ठेवलेल्या जुन्या मेल सर्व्हरवर नसतात. त्या फक्त त्या मशीनवर आहेत, म्हणून प्रोफाइल तरीही न्यायचीच. पॉप खात्यात तर सगळी मेलच मशीनवर. तिथे 'पॉपस्टेट डॉट डॅट' नावाची एक छोटी फाइल असते, सर्व्हरवरची कुठली मेल आधी उतरवली याची नोंदवही. अख्खी प्रोफाइल नेली तर ती सोबत येते. खातं नव्याने बनवलं तर ही नोंद नसते, आणि सर्व्हरवर शिल्लक असलेली प्रत्येक मेल पुन्हा उतरून दुहेरी होते.

पासवर्डही प्रोफाइलबरोबर येतात, पण 'लॉगिन्स डॉट जेसन' आणि 'की४ डॉट डीबी' या दोन्ही फाइली हव्यात. कुलूप एकीकडे आणि किल्ली दुसरीकडे राहिली तर उपयोग नाही. जीमेलचं खातं असेल तर थंडरबर्ड गुगलची लॉगिन खिडकी उघडतो. ती पुन्हा पुन्हा पांढरी पडत असेल तर थंडरबर्डच्या प्रायव्हसी सेटिंग्जमध्ये कुकीज बंद नाहीत ना ते पाहा. कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवरच्या मेलला बहुधा आयमॅपचा पोर्ट ९९३, पॉपचा ९९५ आणि पाठवण्यासाठी ४६५ किंवा ५८७ लागतो.

टूल्समधली 'एक्सपोर्ट' ही सोय पाहायला सुटसुटीत, एक बटण दाबलं की प्रोफाइलची झिप फाइल तयार. पण प्रोफाइल २ जीबीच्या वर असेल तर ती चालत नाही, आणि ज्यांना मेल हलवायची खरी काळजी आहे त्यांची प्रोफाइल २ जीबीत क्वचितच बसते. घरगुती खात्याला ठीक, फाउंड्रीच्या खरेदी विभागाला निरुपयोगी.

आता आउटलुक. आउटलुकची मेल पीएसटी फाइलमध्ये असते, आणि ती बंद पेटी आहे. आउटलुक २००२पर्यंतच्या पीएसटीला २ जीबीची मर्यादा होती, आणि ती गाठली की फाइल बिघडायची. २००३ आणि २००७मध्ये ही मर्यादा २० जीबी झाली, २०१०पासून ५० जीबी. थंडरबर्ड पीएसटी थेट वाचत नाही. तो जुन्या, म्हणजे क्लासिक आउटलुकलाच मेल मागतो, म्हणून त्या मशीनवर क्लासिक आउटलुक बसवलेलं, उघडणारं आणि डिफॉल्ट मेल प्रोग्रॅम असायला हवं. शिवाय दोघांचे बिट जुळायला हवेत. आउटलुक ३२ बिटचं आणि थंडरबर्ड ६४चा असेल तर इम्पोर्ट होत नाही आणि कारण नीट सांगितलं जात नाही. आउटलुकच्या फाइल मेनूत ऑफिस अकाउंट, तिथे अबाउट आउटलुक, पहिल्याच ओळीत बिट लिहिलेले असतात. म्हणून हे काम जुन्या मशीनवर, आउटलुक चालू स्थितीत असतानाच करायचं, आणि मगच थंडरबर्डची प्रोफाइल नव्या मशीनवर न्यायची. फाइल बिघडलेली वाटली तर आधी तिची प्रत काढा आणि त्या प्रतीवर आउटलुकसोबत येणारं 'स्कॅनपीएसटी' हे दुरुस्तीचं साधन चालवा. ओएसटी नावाची फाइल दिसली तर ती नेण्यात अर्थ नाही, ती सर्व्हरवरच्या मेलची त्या मशीनपुरती सावली असते.

आउटलुकच उघडत नसेल तर पीएसटीतून एमबॉक्स बनवणारं 'रीडपीएसटी' हे मोफत साधन लिनक्सवर आहे. उबुंटूमध्ये ते 'पीएसटी-युटिल्स' या पॅकेजमधून मिळतं. तयार झालेल्या एमबॉक्स फाइली आत घ्यायला 'इम्पोर्टएक्सपोर्टटूल्स एनजी' हे अ‍ॅड-ऑन लावा. फोल्डरच्या उतरंडीसकट आयात करता येते, आणि एखादा फोल्डर पीडीएफ किंवा वेगवेगळ्या ईएमएल फाइलींत काढता येतो. वकिलांच्या ऑफिसांना एका पक्षकाराचा पूर्ण पत्रव्यवहार बाजूला काढायला याचा चांगला उपयोग होतो. 'पीएसटी अपलोड करा, आम्ही बदलून देतो' म्हणणाऱ्या वेबसाइटांकडे मात्र फिरकू नये. ग्राहकाचं ड्रॉइंग आणि दर परक्या सर्व्हरवर ठेवायचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

काही जण मेल जीमेलच्या आयमॅप खात्यात ओढून टाकतात आणि नव्या मशीनवर उतरवतात. पद्धत चूक नाही, पण गुगलने आयमॅपने मेल वर चढवण्याची मर्यादा दिवसाला ५०० एमबी सांगितली आहे. १० जीबी चढवायला त्या हिशेबाने २० दिवस लागतील, आणि फुकट खात्याची एकूण जागा १५ जीबी, तीही फोटो आणि ड्राइव्हसह. दोन-तीन फोल्डरांपुरतीच ही वाट धरावी.

एखाद्या पेढीवर अजून विंडोज एक्सपीचं मशीन आणि त्यात आउटलुक एक्स्प्रेस निघतं. त्याची मेल डीबीएक्स फाइलींत असते आणि आजचा थंडरबर्ड ती वाचत नाही. एक्सपीवर चालणारा शेवटचा थंडरबर्ड ५२.९.१. तो त्या मशीनवर बसवून मेल त्यात इम्पोर्ट करावी, आणि लोकल फोल्डर्समधल्या एमबॉक्स फाइली नव्या मशीनवरच्या मेल, लोकल फोल्डर्स या डिरेक्टरीत, थंडरबर्ड बंद असताना ठेवाव्यात. एमएसएफ फाइली नेऊ नका. पत्त्यांची वही त्या काळात एमएबी रचनेत होती, ती नव्या थंडरबर्डच्या इम्पोर्टमधून वेगळी आत घ्यावी. विंडोज ७चं मशीन असेल तर तिथे थंडरबर्ड ११५च्या पुढे जात नाही, पण ती प्रोफाइल नव्या आवृत्तीत उघडते.

मराठी मेलचं स्वतंत्र सांगायला हवं. युनिकोडमधली मराठी व्यवस्थित येते, कधी अक्षरांचा खिचडा दिसला तर व्ह्यू मेनूत 'रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग' आहे. पण सहकारी संस्था, सेवा सोसायट्या आणि शाळांची जुनी पत्रं श्रीलिपी किंवा तत्सम फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात. ती युनिकोड नाहीतच, अक्षरं इंग्रजीच्या जागी बसवलेली आहेत, म्हणून नव्या मशीनवर इंग्रजी चिन्हांची रांग दिसते. मेल खराब झालेली नसते, फॉन्ट नसतो. जुन्या मशीनच्या विंडोज फॉन्ट्समधून ते फॉन्ट उचलून नेले की जोडलेली वर्ड फाइल पूर्ववत वाचता येते. आयमॅप खात्यात मराठी नावाचा फोल्डर असेल तर डिस्कवर त्याची फाइल '&' चिन्हाने सुरू होणाऱ्या अगम्य नावाची दिसते. कचरा समजून ती पुसू नये.

जुनं मशीन चालूच होत नसेल तरी आशा सोडायचं कारण नाही, डिस्क शाबूत असेल तर काढून दुसऱ्या मशीनला जोडता येते. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क साध्या यूएसबी केसमध्ये चालते. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा अ‍ॅडॉप्टर असलेली केस लागते. यूझर्समधली जुनी डिरेक्टरी उघडताना परवानगी मागितली की 'कंटिन्यू' करावं. डिस्कला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं कुलूप, लावलेलं असेल तर रिकव्हरी की आधी शोधावी लागते.

हलवल्यानंतर प्रत्येक मोठ्या फोल्डरमधला मेलचा एकूण आकडा जुन्या मशीनशी ताडा, सर्वांत जुनी मेल उघडा, जोडलेली चार-पाच ड्रॉइंगं उघडून पाहा. एखाद्या फोल्डरमध्ये यादी विस्कळीत दिसली तर त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये 'रिपेअर फोल्डर' दाबा. शोध चालत नसेल तर थंडरबर्ड बंद करून 'ग्लोबल-मेसेजेस-डीबी डॉट एसक्यूलाइट' ही फाइल पुसा, अनुक्रमणिका आपोआप नव्याने बनते. अँटिव्हायरसलाही सांगून ठेवा, प्रोफाइलची डिरेक्टरी वगळ म्हणून. एका जुन्या मेलमध्ये व्हायरस सापडला की अँटिव्हायरस अख्खी इनबॉक्स फाइल उचलून बंदिस्त करू शकतो, कारण त्याच्या दृष्टीने ती एकच फाइल आहे.

जुनी डिस्क लगेच फॉरमॅट करू नका. एखाद्या तिमाहीचे हिशेब आणि एखादी तपासणी नव्या मशीनवरून पार पडेपर्यंत ती तशीच ठेवा, आणि थंडरबर्डच्या डिरेक्टरीची आणखी एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढा. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर परिसरात तळमजल्यावर ऑफिस असेल तर ती डिस्क त्याच ड्रॉवरमध्ये ठेवू नये. २०१९ आणि २०२१च्या महापुरात या भागात पाणी शिरलं होतं. वरच्या मजल्यावर किंवा मालकाच्या घरी, लेबलावर तारीख आणि थंडरबर्डच्या आवृत्तीचा आकडा लिहून ठेवावी.